रस्ता झाला, बिल कुठे अडले?

राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि मालपे, धारगळ असा पेडणे तालुका ओलांडून कोलवाळला शापोरा नदीपाशी येतो. गेल्या काही वर्षांत हा सगळा पट्टा बदलला. महामार्ग रुंद झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, आजूबाजूच्या रस्त्यांचीही कामे निघाली. अशा कामाच्या फलकावर एकाच कंपनीचे नाव असते. पण काम चालू असताना जरा वेळ रस्त्याकडेला उभे राहिले, तर एका रस्त्याला किती जणांचे हात लागतात ते दिसते. खडी एका क्रशरवाल्याची, ती आणणारे टिप्पर वेगवेगळ्या मालकांचे, पोकलेन आणि रोलर भाड्याचे. मोरीचे लोखंड बांधणारा वेगळा, शटरिंगवाला वेगळा, गटारे आणि संरक्षक भिंती बांधणारा आणखी वेगळा. सगळे झाल्यावर पांढरे पट्टे मारायला येतो तो तिसराच कोणी.

कागदोपत्री या माणसांना उपकंत्राटदार म्हणतात. साइटवर त्यांचे नाव पेटी कंत्राटदार. मोठ्या कामाचा लहानसा तुकडा त्यांनी घेतलेला असतो, तोही पुष्कळदा फोनवरच्या बोलण्यावर. रस्ता वेळेत होतो तो त्यांच्या जोरावर आणि बिल सर्वांत उशिरा सुटते तेही त्यांचेच. हा लेख त्या बिलाविषयी आहे. ते कुठे अडते, कायदा कुठवर साथ देतो आणि काय केले तर ते वेळेवर सुटेल, हे समजून घेऊ. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या माणसाचे नाव सरकारच्या फाइलमध्ये कुठेच नसते, हे अडचणीचे मूळ आहे. ते नाव फाइलमध्ये आणले, तर निम्मी अडचण तिथेच सुटते.

डिचोलीचे टिप्पर रस्त्यावर कसे आले

हा प्रश्न पेडणे-डिचोलीत इतक्या घरांना का भिडतो, हे कळायला खाणींकडे जावे लागते. डिचोली, साखळी, मये, शिरगाव या पट्ट्यात कित्येक कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढून टिप्पर घेतले ते खनिज वाहतुकीसाठी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातला खाण व्यवसाय थांबवला. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत तो पुन्हा सुरू करायला मुभा मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

दारात उभा राहिलेला टिप्पर हप्ता थांबवत नाही. विमा, रस्ता कर, टायर, ड्रायव्हरचा पगार यांपैकी काहीच थांबत नाही. म्हणून ज्याला जमले त्याने टिप्पर खडी, माती, डांबर वाहायला लावला. ज्याच्याकडे मशीन होते त्याने ते तासाच्या भाड्याने दिले आणि ज्याला माणसे सांभाळायची सवय होती त्याने गटारे, मोऱ्या, चिऱ्यांचे बांधकाम धरले. रस्त्याच्या कामांनी या घरांना आधार दिला, हे खरे आहे. पण खनिजाच्या खेपेचे पैसे आणि रस्त्याच्या पेटी कामाचे पैसे हे दोन वेगळे हिशोब आहेत. खेपेला चलन असते, वजन असते, ठरलेला दर असतो. गटाराचे तसे नाही. ते मोजावे लागते, पास व्हावे लागते आणि बिलात चढावे लागते. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणाची तरी सही लागते.

एका बिलाचा प्रवास

समजा, साखळीच्या एका पेटी कंत्राटदाराने पेडणे तालुक्यातल्या एका रस्त्याचे २०० मीटर काँक्रीट गटार बांधायला घेतले. दर मीटरला ५ हजार, म्हणजे काम १० लाखांचे. फेब्रुवारीत खोदाई सुरू झाली आणि एप्रिल संपता संपता शेवटचे झाकण बसले. गोव्यात रस्त्याच्या कामाचा हंगाम पावसाळा सरल्यापासून मेअखेरपर्यंतच. एकदा जूनचा पाऊस धरला की डांबर बंद, खोदाई बंद. त्यामुळे सगळे काम आणि सगळा खर्च त्या सात-आठ महिन्यांत कोंबलेला असतो.

या अवधीत त्याच्या खिशातून काय गेले ते पाहा. मजुरी दर शनिवारी रोख. झारखंड, ओडिशा, कर्नाटकातून आलेल्या मजुरांना पुढच्या महिन्यात देतो असे सांगता येत नाही. त्यांचा आठवड्याचा बाजार त्या पैशांतून होतो. सिमेंटवाला पंधरा दिवस थांबतो, लोखंडवाला तितकाही थांबत नाही. शटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या, डिझेल रोखीचे. हे सारे भागवायला घरातले दागिने पतसंस्थेत जातात किंवा ओव्हरड्राफ्ट वापरला जातो.

आता काम संपले. कंपनीचा साइट इंजिनियर मोजमाप घेतो. हे मोजमाप कंपनीच्या बिलात चढते. ते बिल म्हणजे चालू देयक, साइटवरच्या भाषेत रनिंग बिल. बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता ते तपासतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, साहाय्यक अभियंता पाहतो, कार्यकारी अभियंत्याची सही होते, लेखा विभाग कपाती लावतो, मग निधी असेल तर रक्कम कंपनीच्या खात्यात जमा होते. सरकारचे काम इथे संपते. गटारवाल्याचे पैसे यापुढे कंपनीच्या हातात.

कंपनीचे उत्तर बहुतेक वेळा एका वाक्याचे असते: ‘‘आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ.’’ करार लेखी असेल तर हे वाक्य त्यातही असते. वरून पैसे आले की खाली, अशी ती अट. ऐकायला ती रास्त वाटते. पण वरून पैसे आले की नाही हे खालच्या माणसाला कळायची सोय तिच्यात नसते आणि आल्यावर किती दिवसांत द्यायचे हेही ठरलेले नसते. शिवाय वरचे बिल एखाद्या पुलाच्या चाचणीसाठी अडले, तरी गटाराचे पैसेही त्याच बिलात अडकून पडतात. गटारात काही खोट नसली तरी.

दरम्यान कर थांबत नाही. १० लाखांच्या बिलावर १८ टक्के दराने १ लाख ८० हजार जीएसटी होतो. सिमेंट-लोखंडावर आधीच दिलेला कर वजा करून उरलेला भरणा बिल काढल्याच्या पुढच्या महिन्यात करावा लागतो, मग पैसे हातात आलेले असोत वा नसोत. कंपनी रक्कम देताना १ टक्का आयकर कापते आणि दोषदुरुस्तीच्या हमीसाठी ५ टक्के राखून ठेवते असे धरू. हमीचे ते ५० हजार दोन पावसाळ्यांनंतर मिळतात. धंद्यातला नफाच मुळी आठ-दहा टक्के असेल, तर त्यातला अर्धा इथेच बांधून पडला. बाकीचे बिल सहा महिने लांबले की नफा उरत नाही आणि तो माणूस पदरमोड करून सरकारी रस्त्याला भांडवल पुरवू लागतो.

कायदा कुठवर पाहतो

अशा वेळी माणूस स्वाभाविकपणे बांधकाम खात्याच्या दारात जातो. गटार सरकारचे आहे, तेव्हा सरकारनेच पाहावे, असे त्याला वाटते. खात्याचे उत्तर कठोर वाटले तरी कायद्याला धरून असते. खात्याचा करार कंपनीशी आहे, तुमच्याशी नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि करार ज्या दोघांत झाला त्यांनीच एकमेकांकडे मागणे मागायचे, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी सातत्याने मानले आहे. सरकार ते कंपनी हा एक करार, कंपनी ते पेटी कंत्राटदार हा दुसरा. मधली भिंत पक्की आहे.

मात्र त्याच गटारावर राबणाऱ्या मजुरासाठी कायद्याने ही भिंत कधीच फोडली आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कलम २१ मध्ये तरतूद केली की, कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची आणि कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करायची. म्हणजे कराराशी थेट नाते नसलेल्या माणसाचे हक्काचे पैसे वरून देता येतात, हे आपल्या कायद्याला ठाऊक आहे. मजुराला दिलेले हे संरक्षण योग्यच आहे. पण मजुराला दर शनिवारी पैसे देऊन स्वतः रिकामा झालेला पेटी कंत्राटदार या तरतुदीत कुठेच बसत नाही. तो मालक ठरतो, जरी त्याची बँकेतली शिल्लक मजुराहून कमी असली तरी.

या रिकाम्या जागेची किंमत किती असू शकते, हे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आपले जीवन संपवले. जलजीवन योजनेच्या कामाचे पैसे थकल्याचे त्याच्या घरच्यांनी सांगितले. सरकारकडून खुलासा आला तो असा की, काम त्याच्या नावावर नव्हते, तो उपठेकेदार होता. नियमाच्या दृष्टीने खुलासा बरोबर असेलही. पण नळाचे पाणी ज्या पाइपातून येते तो पाइप कोणी टाकला, याची नोंद सरकारी दप्तरात असू नये, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तिकडे पाणी, इकडे रस्ता. दप्तरातली पोकळी तीच.

हातात असलेली साधने

कायदा अगदीच हात झटकतो असे मात्र नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा यातले सर्वांत धारदार साधन. २ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरल्या तारखेला पैसे द्यायचे आणि ही मुदत कोणत्याही करारात ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते. मुदत टळली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के होते. १० लाखांवर सहा महिन्यांत ते सुमारे ८५ हजार भरेल.

दाद मागायला राज्याची सुविधा परिषद आहे. तिच्यापुढे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमले तर लवाद. या कायद्यातली एक तरतूद डिचोलीच्या माणसाने पाठच करून ठेवावी अशी आहे. माल किंवा सेवा देणारा ज्या राज्यात आहे तिथल्या परिषदेला अधिकार मिळतो, मग पैसे देणारी कंपनी भारतात कुठेही असो. म्हणजे कंपनीचे मुख्यालय हजार किलोमीटरवर असले, तरी सुनावणी गोव्यात. निकाल विरुद्ध गेला आणि कंपनीला तो न्यायालयात रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात.

पण इथे एक खाच आहे आणि ती नेमकी आपल्या गटारवाल्याच्या वाटेत आहे. हा कायदा माल आणि सेवा यांच्याविषयी बोलतो. माल आणि मजुरी एकत्र गुंफलेले बांधकाम, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, यात येते का, हा वाद जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या स्टर्लिंग अँड विल्सन प्रकरणात आणि पुढे २०२१ मध्येही वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्याच्या बाहेर ठेवले. गोवा या उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. त्यामुळे स्वतःच्या क्रशरची खडी पुरवणारा, टिप्पर चालवणारा, मशीन भाड्याने देणारा यांची बाजू भक्कम, तर ‘गटार बांधून देतो’ असे एकठोक काम घेणाऱ्याची बाजू कच्ची. म्हणून शक्य असेल तिथे पुरवठा, वाहतूक आणि यंत्रभाडे यांच्या वेगळ्या वर्क ऑर्डरी आणि वेगळी बिले असलेली बरी. मात्र कामाचे खरे स्वरूप तसे असेल तरच. कागदावर नाव बदलून कामाचे रूप बदलत नाही.

या कायद्याच्या छत्राखाली यायचे तर उद्यम नोंदणी हवी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. नोंदणीआधी घेतलेल्या कामाला लाभ मिळतो का, यावर सर्वोच्च न्यायालयात निकालांची मालिका झाली आणि २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. वकिलांनी तो लढवावा. आपण वर्क ऑर्डर हातात पडण्याआधी नोंदणी करून मोकळे व्हावे. आणखी एक गोष्ट. दुसऱ्याकडून घेऊन विकणारा निव्वळ व्यापारी उद्यममध्ये नोंदला गेला, तरी त्याला उशिरा देण्याविरुद्धचे हे संरक्षण मिळत नाही.

दुसरे साधन कराचे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये एक पोटकलम घातले. सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे कलम १५ च्या मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. ३१ मार्चला असे देणे शिल्लक असेल, तर कंपनीचा कर वाढतो. जीएसटीतही असाच चाप आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेले कराचे क्रेडिट कंपनीला व्याजासह परत करावे लागते. कंपनीच्या साइट मॅनेजरला या गोष्टी ठाऊक नसतील, पण तिच्या लेखापालाला पक्क्या ठाऊक असतात. म्हणून स्मरणपत्र साइटवर देऊन थांबू नये. एक प्रत मुख्यालयाच्या लेखा विभागाला धाडावी आणि त्यात उद्यम क्रमांक, बिलाची तारीख आणि या दोन तरतुदी लिहाव्यात.

काही दारे मात्र लहान माणसाला बंद आहेत. दिवाळखोरी संहितेखाली थकबाकीदार कंपनीविरुद्ध जायचे, तर मार्च २०२० पासून किमान थकबाकी १ कोटी लागते. १० लाखांचे गटार तिथे पोहोचत नाही.

दुसरीकडे काय केले

जगात ज्यांनी हा प्रश्न सोडवायला घेतला, त्यांनी कंपनीच्या सचोटीवर विसंबून न राहता करारातच दिवस मोजले. अमेरिकेत १९३५ च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामांवर मुख्य कंत्राटदाराला एक वेगळी हमी देणे बंधनकारक केले. त्याने खालच्यांचे पैसे बुडवले तर ते या हमीतून मिळतात. १९८८ च्या दुरुस्तीने केंद्राच्या बांधकामांत दंडक आला की, सरकारकडून पैसे आल्यावर ७ दिवसांत ते उपकंत्राटदाराला पोहोचले पाहिजेत. केंद्राच्या मदतीने होणाऱ्या महामार्गांच्या कंत्राटांत ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. शिवाय उपकंत्राटदाराचा भाग समाधानकारक पुरा झाला, की त्याची राखून ठेवलेली रक्कमही तेवढ्याच दिवसांत सोडायची. अख्खा रस्ता पुरा व्हायची वाट त्याने पाहायची नाही.

ब्रिटनने आणखी मुळावर घाव घातला. १९९६ च्या कायद्याने ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला’ ही अटच बांधकाम करारांत निष्प्रभ ठरवली. वरचा पैसे देणारा दिवाळखोर झाला तरच तिला अपवाद. वाद झाला तर २८ दिवसांत निर्णय देणारी न्यायनिवाड्याची सोय केली. तरीही जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बलाढ्य बांधकाम कंपनी कोसळली, तेव्हा हजारो लहान पुरवठादारांचे पैसे अडकले. त्यातून धडा मिळाला तो असा की, नुसती मुदत पुरत नाही, पैसा कोणाच्या खात्यातून वाहतो हेही पाहावे लागते. तिथल्या महामार्गांच्या कामांत यासाठी प्रकल्पाचे स्वतंत्र बँक खाते उघडायची पद्धत वापरली जाते. सरकारचा पैसा त्या खात्यात येतो आणि तिथून मुख्य व खालच्या कंत्राटदारांना थेट वाटला जातो.

हे परदेशातच शक्य आहे असे कोणी म्हणेल. तर आपल्याच रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ३ जून २०२० रोजी, कोविडच्या काळात, रस्तेबांधणीला दिलेल्या सवलतींत एक सवलत अशीच होती: मान्यताप्राप्त उपकंत्राटदाराला एस्क्रो खात्यातून थेट पैसे देणे. टाळेबंदीत रोकड आटली, तेव्हा सरकारला दिसले की पैसा वरच्या टाकीत भरून भागत नाही, नळापर्यंत पोहोचला पाहिजे. त्या आदेशातला ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द लक्षात ठेवावा. ज्याचे नाव फाइलमध्ये आहे त्यालाच हा मार्ग खुला. फोनवर ठरलेल्या पेटी कंत्राटदाराला तेव्हाही त्याचा उपयोग नव्हता.

वरच्या टप्प्यासाठीही केंद्राच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सूचना काढल्या. चालू देयकाच्या पात्र रकमेपैकी किमान ७५ टक्के १० कामकाजी दिवसांत द्यायची, उरलेली तपासणी करून २८ कामकाजी दिवसांत. मुख्य कंत्राटदारांची बाजूही यात येते आणि ती ऐकायला हवी. सरकारच त्यांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवते, तेव्हा त्यांनी खाली कुठून द्यायचे? हा प्रश्न खरा आहे. म्हणून वेळेची शिस्त खात्यापासून सुरू व्हायला हवी. पण खात्याने १० दिवसांत दिलेला पैसा कंपनीकडे १०० दिवस थांबणार असेल, तर त्या शिस्तीचा लाभ गटारापर्यंत येत नाही.

काम घेण्याआधीचा कागद

पेटी कंत्राटदारांच्या घरांत एक वही असते. लाल पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, डॅशबोर्डवर ठेवून ठेवून ऊन खाल्लेली. तीत खेपा मांडलेल्या असतात, पाच-पाच उभ्या रेघांचे गठ्ठे करून. शेजारी डिझेलचे लिटर, उचल दिलेल्या मजुरांची नावे आणि एखाद्या पानावर नुसते ‘इंजिनियर मोजून गेला’ एवढेच. ही वही प्रामाणिक असते. पण लवादापुढे ती एकट्या मालकाची वही ठरते, कारण समोरच्याची सही तीत कुठेच नसते. ‘पात्रांव, उद्या देतो सही’ म्हणून गेलेला सुपरवायझर पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर असतो.

तेव्हा पहिली गोष्ट, वर्क ऑर्डर. दोन पानांची असली तरी चालेल. कामाची जागा रस्त्याच्या कुठल्या साखळी-क्रमांकापासून (चेनेज) कुठल्यापर्यंत, दर काय, सिमेंट कोणाचे, मोजमाप कधी, बिलानंतर किती दिवसांत पैसे, राखीव रक्कम किती आणि कधी सुटणार, एवढे तीत आले की पुरे. ‘वरून आले की’ ही अट कंपनी सोडत नसेल, तर तिच्यापुढे एक बाह्य मुदत जोडून घ्यावी: ‘मात्र बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत’.

दुसरी, संयुक्त मोजमाप. काम झाकले जाण्याआधी ते मोजून घ्यायचे. गटाराच्या तळाचे काँक्रीट, भिंतीचा पाया, भरावाखालचा पाइप या गोष्टी माती पडली की दिसत नाहीत आणि पहिला पाऊस पडला की वादाच्या होतात. मोजपट्टी लावलेला, तारीख-ठिकाण उमटलेला फोटो आणि दोघांच्या सहीचा कागद त्याच दिवशी हवा. इंजिनियर सही टाळत असेल, तर त्याच संध्याकाळी मोजमाप कंपनीच्या ईमेलवर पाठवून ‘आज मोजले, हरकत असल्यास कळवा’ असे लिहावे. कोणी उत्तर दिले नाही, तरी तो कागद तारखेसह उभा राहतो.

तिसरी, थकबाकीची लेखी कबुली. पैशाचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. भिडेखातर थांबलेल्या माणसाला ती कधी सरली कळतही नाही. दर ३१ मार्चला कंपनीकडून शिल्लक रकमेची सही-शिक्क्याची कबुली घेतली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. कंपनीने धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नुसत्या ‘पुढच्या आठवड्यात टाका’ या शब्दावर ते ३० दिवस घालवू नयेत.

चौथी, माहितीचा अधिकार. कुठल्या रनिंग बिलाचे किती पैसे कंपनीला कधी दिले, हा सार्वजनिक पैशाचा हिशोब आहे. १० रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो आणि खात्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. ‘वरून आलेच नाहीत’ हे उत्तर मग कागदावर ताडून पाहता येते.

खात्याने करायचे ते

पण सगळा भार लहान माणसाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नाही. कडक कागद मागणाऱ्या पेटी कंत्राटदाराला पुढचे काम मिळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो गप्प बसतो. ही भीती एकट्याने जात नाही. नियम सर्वांना सारखा झाला की जाते. त्यासाठी नवा कायदा व्हायची वाट पाहायला नको. निविदेच्या अटी खातेच लिहिते.

राज्याच्या रस्त्यांच्या निविदांत चार ओळी घालता येतील. कंपनीने आपल्या प्रत्येक उपकंत्राटदाराचे, पुरवठादाराचे नाव आणि कामाची रक्कम खात्याला कळवायची. खात्याकडून पैसे आल्यावर १५ दिवसांत खालच्यांचे द्यायचे. पुढचे रनिंग बिल सादर करताना मागच्या बिलातून कोणाला किती दिले याचे स्वाक्षरीचे पत्रक जोडायचे. वाद नसलेली रक्कम अडवल्याचे दिसले, तर खात्याने ती कंपनीच्या बिलातून वळती करून थेट द्यायची. आणि खात्याने कंपनीला कधी किती दिले, हे विभागाच्या संकेतस्थळावर टाकायचे, म्हणजे माहिती-अर्जाचीही गरज उरणार नाही.

दोन खासगी माणसांच्या भांडणात आम्ही का पडावे, असे खात्यातून विचारले जाईल. मजुरीच्या बाबतीत ते पडतेच आणि बांधकाम कामगारांचा उपकरही कापतेच. शिवाय यात खात्याचाही स्वार्थ आहे. पैसे वेळेवर न मिळालेला क्रशरवाला पुढची खडी रोखतो, काम हंगामाबाहेर जाते आणि गावकरी जूनमध्ये चिखलातून जातात. ज्याचा नफा व्याजात गेला तो माणूस पुढच्या कामात कुठे वाचवायचे ते शोधतो, आणि वाचवायला त्याच्या हातात असते सिमेंट. वेळेवरचे पैसे हा रस्त्याच्या दर्जाचाच एक भाग आहे, हे निविदा लिहिणाऱ्याने मनावर घ्यायला हवे.

साखळीच्या त्या माणसाकडे पुन्हा वळू. जूनमध्ये पाऊस लागला की त्याचे गटार काम करू लागेल. डोंगरावरून येणारे तांबडे पाणी त्यातून वाहील, रस्ता कोरडा राहील. तिथून जाणाऱ्याला ते कोणी बांधले हे ठाऊक असायची गरज नाही. पण त्या रस्त्याची फाइल ज्या कपाटात आहे, तिथे ते ठाऊक असले पाहिजे. २०० मीटर, धारगळच्या बाजूचे, अमक्याने बांधले, अमुक तारखेला मोजले, अमुक तारखेला पैसे दिले. फाइलमध्ये एवढी एक ओळ आली, तर पतसंस्थेत ठेवलेले दागिने चतुर्थीआधी घरी येतील.